असीरगडाच्या पायथ्याचा एक प्रवासी

देडतलाईहून बऱ्हाणपूर गाठले आणि पुढे खंडव्याची वाट धरली की असीरगड लागतो. दिवाळीच्या सुटीत नातवाला तो दाखवावयास नेले होते. चढण चढता चढता त्याने विचारले, “आजोबा, पूर्वीचे पाद्री विज्ञानाचे वैरीच होते ना?” शाळेत गॅलिलिओचा धडा नुकताच झाला होता. त्या वेळी दम लागल्याचे निमित्त करून मी उत्तर टाळले. खरे उत्तराचा एक धागा आमच्या पायाखालीच होता, हे घरी आल्यावर सुचले.

इ. स. १६०० मध्ये अकबराने या गडाला वेढा घातला, तेव्हा त्याच्या स्वारीबरोबर येशूसंघाचे दोन धर्मसेवक होते. एक जेरोम झेवियर, संत फ्रान्सिस झेवियरच्या घराण्यातला. दुसरा बेंतो द गोइश. हा अझोर्स बेटांवर जन्मला, शिपाई म्हणून हिंदुस्थानात आला आणि पुढे येशूसंघात शिरला; पण पुरोहित झाला नाही, साधा धर्मबंधूच राहिला. गड दाद देईना, तेव्हा गोव्याहून तोफा मागविण्यासाठी पत्र लिहा, असे बादशहाने झेवियरला सांगितले आणि झेवियरने ते नाकारले, असे येशूसंघीयांच्या वृत्तांतात आहे. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला. त्याच वर्षी बादशहाचा वकील गोव्यास निघाला, त्याच्या सोबतीस गोइश गेला. तेथे त्याच्यापुढे जे काम आले, ते भूगोलाचे होते.

मार्को पोलोने वर्णिलेला ‘कॅथे’ नावाचा देश युरोपीय नकाशांत चीनच्या उत्तरेस निराळा दाखवीत. मोगल दरबारी येणारे मुसलमान व्यापारी सांगत, की तेथे पुष्कळ ख्रिस्ती राहतात. दुरावलेले हे धर्मबांधव शोधावेत, अशी पाद्र्यांना आस लागली. इकडे पेकिंगमध्ये मात्तेओ रिची हा त्यांच्याच संघातला विद्वान मात्र सांगत होता, की कॅथे म्हणजे चीनच! रिची हा रोममधील गणिती क्लाविउसचा शिष्य. आपल्या भिंतीवरील दिनदर्शिकेतील इंग्रजी तारखा ज्या १५८२ च्या सुधारणेने ठरल्या, तिच्यात या क्लाविउसचा मोठा वाटा होता. रिचीने पेकिंगचे अक्षांश स्वतः मोजले. ते सुमारे चाळीस अंश भरले. नकाशांत कॅथेची राजधानी पन्नास अंशांच्या आसपास होती.

हिंदुस्थानातील पाद्र्यांस हे पटेना. पटावे तरी कसे? रिचीचे म्हणणे खरे मानले, तर ती आशाच मावळत होती. मला मौज वाटते ती पुढच्या गोष्टीची. वरिष्ठ निकोलाउ पिमेंता यांनी रिचीला गप्प बसविले नाही, की नुसता वादही घातला नाही. त्यांनी एक माणूस पायी धाडला.

गोइशने आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष घेतला, ‘अब्दुल्ला इसाई’ हे नाव धारण केले आणि १६०३ च्या प्रारंभी इसहाक नावाच्या खऱ्या आर्मेनियन सोबत्यासह लाहोर सोडले. काबूल, पामीरचे हिम, यारकंद. तेथे काफिल्याची वाट पाहण्यात सुमारे एक वर्ष गेले. पुढे कराशहरात पेकिंगहून परतणारे व्यापारी भेटले. ते तेथे परदेशीयांच्या सराईत रिचीच्याच शेजारी उतरले होते. त्यांनी केरातून उचललेला कागदाचा एक तुकडा दाखविला. त्यावर पोर्तुगीज अक्षरे होती! कॅथेचा निकाल त्या चिठोऱ्याने लागला.

१६०५ च्या अखेरीस गोइश चीनच्या सीमेवरील सुचौ येथे पोहोचला आणि तेथेच अडकला. रिचीने पाठविलेला चिनी धर्मबंधू मार्च १६०७ च्या अखेरीस येऊन पोहोचला, तोवर गोइश अंथरुणास खिळला होता. ११ एप्रिल रोजी त्याने प्राण सोडला. त्याच्या रोजनिशीत सोबतच्या व्यापाऱ्यांच्या देण्याघेण्याच्या नोंदी होत्या. त्यांनी ती फाडून टाकली. वाचलेल्या तुकड्यांवरून आणि इसहाकाच्या आठवणींवरून रिचीने प्रवासवृत्त जुळविले. ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते कॅथेचे ख्रिस्ती सापडले नाहीत, कारण असा निराळा देशच नव्हता. आणि हे त्याच मंडळींनी प्रांजळपणे लिहून ठेवले.

नातवाचा धडा यामुळे खोटा ठरत नाही. अकबर असीरपुढे तळ देऊन होता, त्याच १६०० साली रोममध्ये जोर्दानो ब्रूनोला जिवंत जाळले. त्याच्यावरील आरोप मुख्यतः धर्ममतांचे होते, एवढेच. १६१६ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी आली, १६३३ मध्ये गॅलिलिओला शिक्षा झाली. पृथ्वीवरचा नकाशा बदलणे चर्चला जमले, आकाशातला जड गेला. कॅथे पुसला गेल्याने शास्त्रवचनाला कोठे धक्का लागत नव्हता, हेही खरे.

इसहाकाचे सांगावयाचे राहिले. तो पेकिंगला रिचीकडे महिनाभर राहिला, मग मकाववरून समुद्रमार्गे निघाला, वाटेत डचांच्या हाती सापडला, सुटून हिंदुस्थानात आला. पत्नी वारल्याची बातमी कळली, तसा तो उत्तरेस परतलाच नाही. आपल्या कोकणात, रेवदंड्याजवळच्या चौलला राहिला.