विनोदी म्हातारा नव्हे, अडचणीचा सोबती

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे नाव मराठी सभेत निघाले की ते एखाद्या चुटक्यासाठी निघते. खरे-खोटे शेकडो चुटके त्यांच्या नावावर खपतात. वक्ता हशा मिळवतो आणि शॉ संपतात. भांडवलशाहीने आपल्या वैऱ्याचा याहून सोईस्कर बंदोबस्त क्वचितच केला असेल. तुरुंगात टाकलेला लेखक बाहेर येतो. विदूषक ठरवलेल्याची सुटका नसते.

१८५६ साली डब्लिनमध्ये जन्मलेला हा माणूस १८८४ मध्ये फेबियन सोसायटीत दाखल झाला, तेव्हा तो नाटककार नव्हता. आधी समाजवाद आला, नाटक मागून. १८९२ साली रंगभूमीवर आलेले त्यांचे पहिले नाटक ‘विडोअर्स हाउसेस’ पाहावे. तरुण डॉक्टर ट्रेंचला कळते की आपल्या भावी सासऱ्याची संपत्ती झोपडवजा चाळींतल्या गरिबांच्या भाड्यातून आलेली आहे. तो संतापतो, तो पैसा नाकारतो. मग सासरा शांतपणे दाखवून देतो की ट्रेंचचे स्वतःचे व्याजाचे उत्पन्नही त्याच चाळींवरच्या गहाणखतातून येते. तरुणाचा संताप तेथेच विझतो आणि शेवटी तो त्या व्यवहारात भागीदार होतो! खलपुरुषाला शिव्या घालून घरी जाण्याची सोय शॉ प्रेक्षकाला देत नाहीत. दोष व्यवस्थेचा आहे आणि त्या व्यवस्थेचे व्याज आपल्याही खिशात पडते, ही गोष्ट ते सभ्य गृहस्थाच्या तोंडावर सांगतात. मुंबईच्या चाळी आणि झोपडपट्ट्या पाडून उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांत घर घेणाऱ्या आपल्या सहानुभूतीदारांनी हे नाटक एकदा वाचावेच.

‘मिसेस वॉरेन्स प्रोफेशन’ तर याहून पुढे गेले. स्त्रीला वेश्याव्यवसायात लोटतो तो तिचा दुराचार नव्हे, तिला मिळणारी उपाशी मजुरी, हा त्याचा आरोप. १८९३ साली लिहिलेल्या या नाटकाला इंग्लंडमध्ये जाहीर प्रयोगाची परवानगी मिळायला १९२५ साल उजाडावे लागले. त्याच १९२५ सालचे नोबेल पारितोषिक पुढे शॉ यांना जाहीर झाले, हा योगायोग गमतीचा खरा!

दरम्यान १८९७ ते १९०३ हा माणूस लंडनच्या सेंट पँक्रस भागाच्या स्थानिक कारभारात सभासद म्हणून बसत होता. स्त्रियांसाठी सार्वजनिक स्वच्छतागृह असावे म्हणून तो तेथे भांडला आणि सभ्य सभासदांना तो विषयच अश्लील वाटला. ज्या कार्यकर्त्यांना नगरपालिकेचे काम क्रांतीच्या मानाने क्षुद्र वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

परंतु भक्तांनी जे झाकले, ते समाजवाद्यांनी झाकू नये. १९३१ मध्ये शॉ मॉस्कोला गेले, स्टालिनला भेटले आणि भारावून परतले. युक्रेनमध्ये लक्षावधी शेतकरी अन्नावाचून मरत होते, त्या १९३३ साली दुष्काळाच्या बातम्या खोट्या ठरवणाऱ्या पत्रावर त्यांनी सही केली. मुसोलिनीचेही त्यांनी कौतुक केले होते. हा म्हातारपणाचा विक्षिप्तपणा म्हणून सोडून देता येत नाही. शहाण्यांनी वरून समाज सुधारावा, लोकांनी तो स्वीकारावा, ही फेबियनांची जुनी खोड होती. लोकांवरचा अविश्वास वाढत गेला की हुकूमशहा कार्यक्षम वाटू लागतो. ज्याला ट्रेंचच्या खिशातले व्याज दिसले, त्याला रिकामे कोठार दिसले नाही! लोकशाहीशिवायचा समाजवाद किती बुद्धिमान माणसाला आंधळे करतो, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

मग शॉ टाकून द्यावेत काय? मुळीच नाही. मात्र ते घ्यावेत ते त्यांच्या धारेसकट. ‘पिग्मॅलियन’चेच पाहा. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली त्याची ‘ती फुलराणी’ केली आणि महाराष्ट्राने तिच्यावर जीव लावला, तो योग्यच होता. पण उच्चार बदलला की माणसाची किंमत बदलते, हे ज्या समाजात घडते तो समाज हास्यास्पद आहे, फुलवाली नव्हे. ग्रामीण कार्यकर्ता शिबिरात बोलायला उठला की ज्यांच्या ओठांवर स्मित उमटते, त्या शहरी समाजवाद्यांनी आपण त्या नाटकात कोणत्या पात्राच्या जागी आहोत हे ओळखावे.

१९१४ साली लंडनच्या प्रयोगात नायकाचे काम करणारा नट शेवटी एलायझाकडे फुले फेकून प्रेमाची सूचना देऊ लागला. शॉ संतापले. १९१६ मध्ये त्यांनी नाटकाला उपसंहार जोडून बजावले की ती त्या प्राध्यापकाशी लग्न करत नाही; ती स्वतःचे फुलांचे दुकान काढते. १९५० साली शॉ गेले आणि सहा वर्षांत ‘माय फेअर लेडी’ या संगीतिकेने तिला पुन्हा त्या प्राध्यापकाच्या दिवाणखान्यात आणून उभे केले.