बांधावरची कपूरफुटी
रोपवाटिकेत ‘डस्टी मिलर’ मिळतं. रुपेरी, मखमली पानांमुळे ते कुंडीत उठून दिसतं, यात वाद नाही. पण हे झाड भूमध्य समुद्राकाठचं. साताऱ्याच्या पावसाळ्यात मुळाशी पाणी साचलं की कुजलंच. माण, आटपाडी, जत अशा ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत त्याहून सोपा पर्याय बांधावर फुकट उभा आहे, कपूरफुटीचा. उंची वीत-दोन वीत, पानांच्या बेचक्यात कापसाच्या बोळ्यांसारखी पांढरी फुलं, आणि मूळ चिरडलं तर कापराचा वास. भिंगातून पान पाहा. ती सगळी चकाकी दाट पांढऱ्या लवेची असते. लव ऊन परतवते आणि पानातलं पाणी कमी उडतं. म्हणून अशा झाडाचे लाड करायचे नसतात. मुरमाड माती, भरपूर ऊन, आणि बोट घालून माती कोरडी लागली तरच पाणी. सढळ हाताने शेणखत घातलंत तर फांद्या लांबून पसरतात, ठेंगणा डौल जातो. पावसाळा सरल्यावर छाटली की बुडातून पुन्हा फुटते. सुवासच हवा असेल तर दवणा लावा, चैत्रात ज्योतिबाला वाहतात तोच. मात्र तो हंगामी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात बारीक बी वाळूत मिसळून पेरायचं, आणि फुलून गेला की संपला. कपूरफुटीला एवढीही उस्तवार नको. फक्त खुरपायला येणाऱ्या मावशींना ती आधी दाखवून ठेवा, नाहीतर तण म्हणून उपटतील.