ओंडक्याची तोंडे आधी लिंपा

चौकटीसाठी बांधावरची बाभूळ तोडावी आणि सुतार येईपर्यंत ओंडक्याची टोके तडकावीत, असे पुष्कळदा घडते. मग दोन्हीकडचे चांगले लाकूड चुलीत जाते. कारण साधे आहे. ओलावा बाजूंपेक्षा तोंडाकडून १० ते १५ पट वेगाने बाहेर पडतो. म्हणून टोके आधी आकसतात व फुटतात. यासाठी तोडल्याच दिवशी दोन्ही तोंडांना डांबराचा किंवा ऑइलपेंटचा जाड हात द्या. तो वाळला की दुसरा द्या. बाजू मात्र मोकळ्या ठेवा. ओंडके सावलीत, खाली दगड देऊन रचा. उरलेल्या डब्याचे झाकण घट्ट लावून तो चुलीपासून व मुलांपासून दूर ठेवा. एकदा पडलेली भेग लेपाने सांधत नाही, हे विसरू नका.