सिस्टरच आजारी पडली, तर खाट काय कामाची?

वरकुटे परिसरातल्या डाळिंब-द्राक्षाच्या बागायतदारांना हे सांगायला नको. फवारणी उरकली की त्याच हातांनी कोणी भाकरीला बसत नाही. कपडे बाहेर काढायचे, हातपाय स्वच्छ धुवायचे, मगच घरात पाऊल टाकायचं. साथीच्या काळात अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-सिस्टरांचं कामही असंच, फक्त धोका दिसत नाही आणि वासही येत नाही.

एप्रिल २०२० आठवा. मुंबई सेंट्रलच्या वोक्हार्ट रुग्णालयात २६ परिचारिका आणि ३ डॉक्टरांना कोरोना झाला आणि महापालिकेने अख्खं रुग्णालय बंद केलं. यंत्रं होती, खाटा होत्या; पण नवा रुग्ण घेता येईना. मुंबईत ही गत, मग इंदापूर-बारामतीला मोजक्याच सिस्टर असताना चार जणी एकदम आजारी पडल्या तर काय होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

श्वासनळीत नळी घालताना किंवा कफ ओढताना बारीक तुषार हवेत उडतात. तिथे साधा मास्क पुरत नाही, चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ लागतो. दाढी असली तरी फट राहते बरं का! पोशाख चढवण्यापेक्षा उतरवताना जास्त जपावं लागतं, कारण बाहेरची बाजू दूषित असते. एकाने उतरवावा, दुसऱ्याने लक्ष ठेवावं, प्रत्येक टप्प्याला हात धुवावेत आणि मास्क सर्वांत शेवटी, खोलीबाहेर आल्यावर काढावा. त्या पोशाखात सहा-सहा तास पाणी पिता येत नाही. दमलेला माणूस चुकतो, म्हणून पाळ्या छोट्या हव्यात. चहाच्या खोलीत सगळे मास्क काढून एकत्र बसले तर आतली काळजी वाया जाते.

हवेचं मात्र फारसं कोणी बोलत नाही. अशा खोलीतली हवा तासाला १२ वेळा बदलावी, असा जागतिक आरोग्य संघटनेचा दंडक आहे. बंद खोलीतला साधा एसी तीच हवा फिरवतो. यंत्रणा नसेल तर खिडक्या उघड्या हव्यात आणि पंख्याने हवा बाहेर फेकली पाहिजे, व्हरांड्यात नव्हे. सरपंच, ग्रामसेवकांनी पुढच्या वेळी तालुक्याच्या रुग्णालयात गेल्यावर नवीन खाटा किती, एवढंच विचारू नये. पोशाख बदलायची वेगळी खोली कुठे आहे, हेही विचारावं.

आपलाही वाटा आहे. रुग्णाला बघायला जीप भरून जाण्याची आपली रीत साथीत महागात पडते. घरातल्या एकानेच डॉक्टरांशी बोलावं, बाकीच्यांनी फोनवर खुशाली विचारावी.

आणखी एक गोष्ट. २०२० साली ठिकठिकाणी सिस्टरांना भाड्याची खोली सोडायला लावली गेली. त्याच वर्षी साथरोग कायद्यात दुरुस्ती झाली. साथीत आरोग्य कर्मचाऱ्याला मारहाण करणं, राहत्या जागी किंवा कामावर छळणं हा आता अजामीनपात्र गुन्हा आहे. शिक्षा तीन महिने ते पाच वर्षं, दंड पन्नास हजार ते दोन लाख रुपये. पोलीस पाटलांनी हे ग्रामसभेत वाचून दाखवावं, आणि ते साथ यायच्या आधी.