अखेरचा शब्द बसणाऱ्याचा

इलेक्ट्रिक व्हीलचेअर मिळाली म्हणजे हिंडण्याफिरण्याचा प्रश्न मिटला, असे नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी पाहणीत उपचारतज्ज्ञांनी सांगितले, की प्रशिक्षण घेतलेल्या सुमारे 10 टक्के रुग्णांना रोजच्या व्यवहारात ती वापरणे अत्यंत कठीण किंवा अशक्यच जाते. अशांसाठी खुर्चीने स्वतःच वाट काढावी, हा विचार ओघानेच येतो. पण 1990च्या दशकात मिशिगन विद्यापीठात तयार झालेल्या ‘नॅव्हचेअर’ने त्यातली मेख दाखवली. अडथळे टाळणारी खुर्ची दाराच्या चौकटीलाही अडथळाच समजते. म्हणून दारातून जाण्यासाठी तिला वेगळी पद्धत द्यावी लागली. भिंत टाळायची की तिच्या कडेने जायचे, हे बसणाऱ्याच्या मनात असते. सेन्सरला ते दिसत नाही.

म्हणून यंत्राने हेतू ओळखावा, ठरवू नये. चूक माणसाकडूनच होते, मग यंत्राचेच का ऐकू नये, असा आक्षेप येईल. जिन्याच्या कडेशी जरूर ऐकावे. पण टेबलाला खेटून बसू पाहणाऱ्याला अडवणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. मदत गरजेपुरतीच असावी, आणि आपण का थांबलो हे खुर्चीने लगेच कळवावे. हे साधायचे तर आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून ती वापरणारी माणसे सोबत हवीत.