मांजराची बाजू

मांजर पाळणाऱ्या माणसाला सल्ला देण्याचा हक्क आपल्याकडे बहुधा घटनेनेच प्रत्येकाला दिलेला असावा. कुत्रं पाळलं तर लोक लांबून जातात. पोपट पाळला तर ‘बोलतो का?’ एवढंच विचारतात. पण घरात मांजराचं पिल्लू आलं आणि त्यानं पहिल्याच आठवड्यात गादीवर ‘ते’ केलं ही बातमी जिन्यात फुटली, की तळमजल्यापासून गच्चीपर्यंत तज्ज्ञांची रांग लागते. सगळ्यांचं निदान एकच : मांजराची जातच घाणेरडी. आणि उपायही एकच : सोडून या.

मला या निदानाशी आणि या उपायाशी भांडायचं आहे. आधीच कबूल करतो, की काही काळ मीही त्याच पक्षात होतो. पोतं माळ्यावरून मीच काढलं होतं. पक्षांतर केलेल्या माणसाचा आवाज नेहमीच जरा मोठा लागतो, तेवढं सांभाळून घ्या.

पिल्लू आणलं आमच्या मुलीनं. पावसात पार्किंगमधल्या एका स्कूटरखाली ते ओरडत बसलं होतं. सात-आठ आठवड्यांचं असेल. मुलीनं त्याचं नाव ‘चिंगी’ ठेवलं. पुढे डॉक्टरबाईंनी उलटं धरून पाहिलं आणि ‘चिंगी’चा ‘चिंग्या’ केला. नामकरणात झालेली ही चूक चिंग्यानं मोठ्या मनानं माफ केली. बाकीच्या चुका मात्र त्यानं जिथल्या तिथे दाखवून दिल्या.

पहिली चूक दुकानात झाली. दुकानदारानं विचारलं, “लिटर किती देऊ?” मी म्हणालो, “एका पिशवीत किती लिटर येतं?” तो म्हणाला, “दहा लिटर.” “मग दहा लिटर लिटर द्या,” मी म्हणालो. मागे उभ्या असलेल्या बाई दचकून एक पाऊल मागे सरकल्या. मांजराच्या ट्रेमध्ये घालायच्या मातीला ‘लिटर’ म्हणतात आणि ती मातीसुद्धा विकत आणावी लागते, हे ज्ञान मला त्या दिवशी झालं. त्यातही मी लव्हेंडरच्या वासाची माती घेतली. ट्रे घेतला तो गुलाबी, वर झाकण आणि पुढे दार असलेला. तो नेऊन ठेवला मोरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी. घरात आजवर कुणाची एवढी सोय मी केली नव्हती.

चिंग्या बिचारा आत जाऊन बसला. नेमकं त्याच क्षणी मशीन कपडे पिळायला लागलं. धरणीकंप व्हावा तसा ट्रे थरथरला. चिंग्या जो बाहेर उडाला तो थेट आमच्या गादीवर, आणि आत अर्धवट राहिलेलं कार्य त्यानं तिथे तडीस नेलं. त्यानंतर पंधरा दिवस गादी, पायपुसणं, इस्त्रीचे कपडे आणि एकदा माझी प्राप्तिकराची फाईल, असा त्याचा कार्यक्रम चालला. (फाईलबद्दल माझी खरं तर तक्रार नाही.)

तज्ज्ञ वर आले ते तेव्हा. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, “अहो, हा सूड आहे! मांजर मनात धरतं. तुम्ही त्याला रागावलात की काय?” दुसरे म्हणाले, “नाक धरून त्यात घासा. पुन्हा करणार नाही.” आमची आई म्हणाली, “अरे, फिनाईल टाक सगळीकडे.” मी तिन्ही मतांचा आदर केला. रागावलो, नाक घासलं, फिनाईल टाकलं. चिंग्या पलंगाखाली राहायला गेला आणि तिथे नवी शाखा उघडली.

शेवटी डॉक्टरबाईंकडे गेलो. मला वाटलं, गोळी देतील. त्यांनी उलटतपासणी घेतली. ट्रे कुठे आहे, माती कोणती, रोज साफ होतो का, झाकण आहे का. एकेका उत्तरासरशी माझा आवाज बारीक होत गेला. गोळी लिहून दिली असती तर ती मलाच दिली असती.

त्यांनी सांगितलेल्या गोष्टी इथे देतो, कारण जिन्यातल्या विद्यापीठात त्या कुणी शिकवत नाही. मांजर सूड म्हणून घाण करत नाही. गादी आपली लाडकी, माती नावडती, हा हिशेब त्याच्या डोक्यात नाही. त्याला जागेची भीती बसते, नाही तर वास सहन होत नाही, नाही तर दुखत असतं. तीनच कारणं, आणि तिन्हीत त्याचा गुन्हा कुठे आहे? नाक घासल्यानं ते एवढंच शिकतं, की हा माणूस धोकेबाज आहे. मग ते आपल्यासमोर करायचं टाळतं आणि पलंगाखाली जातं. लव्हेंडर आपल्या नाकासाठी असतं. आपल्यापेक्षा कितीतरी तीक्ष्ण नाकाच्या प्राण्याला त्या झाकणबंद डब्यात कोंडायचं म्हणजे अत्तराच्या कारखान्यात जेवायला बसवण्यासारखं आहे. ओलं झालं की गोळा होणारी माती कोवळ्या पिल्लाला देऊच नये, कारण पिल्लू सगळं तोंडात घालून बघतं आणि तो गोळा पोटात होऊ शकतो. आणि फिनाईल! काळ्या फिनाईलमधली फिनॉलसारखी द्रव्यं पचवून बाहेर टाकण्याची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. पायाला लागतं, ते पाय चाटतं आणि विष पोटात जातं. आईच्या निर्मळ हेतूनं आम्ही त्याला थोडं थोडं विष घालत होतो.

आता मला त्या ‘घाणेरड्या जाती’बद्दल बोलू द्या. जगात असे किती प्राणी आहेत, जे स्वतः खड्डा करतात, विधी उरकतात, वर माती ओढतात आणि झाकलं गेलं की नाही ते हुंगून बघतात? आपल्या पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातली रानमांजरं, मोकळ्या कोरड्या मुलखात हिंडणारी. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेलं एक मांजर सापडलं, ते सुमारे 9,500 वर्षांपूर्वीचं. म्हणजे साडेनऊ हजार वर्षं हा प्राणी आपल्या आसपास वावरतो आहे आणि अजून माती शोधतो आहे. तेवढी सवय आपण त्याच्याकडून उचलली असती, तर रेल्वेतून पहाटे बाहेर बघताना मान वळवावी लागली नसती.

आमच्या आजोळी मांजरं होती. त्यांच्या ट्रेचा प्रश्न कधी निघाला नाही, कारण मागे परसू होतं, केळीचं आळं होतं, चुलीची राख टाकायची जागा होती. मांजर तेच आहे. परसू आपण विकलं. त्यावर सात मजले चढवले, खाली पेव्हर ब्लॉक बसवले, कुंडीतल्या मातीवरसुद्धा पांढरे गोटे पसरले आणि आता त्या जिवाला विचारतो, “तुला माती सापडत नाही का रे?”

अमेरिकेत हा प्रश्न आपल्याआधी आला. 1947 मध्ये मिशिगन राज्यात एड लोव नावाच्या तरुणाकडे एक शेजारीण मांजरासाठी वाळू मागायला आली. ती तोवर राख वापरायची आणि मांजर घरभर काळी पावलं उमटवायचं. त्यानं तिला वाळूऐवजी भाजलेल्या मातीचे दाणे दिले. ही माती म्हणजे फुलर्स अर्थ, आपली मुलतानी मातीच की! आपल्याकडच्या बायका जी तोंडाला लावतात, तीवर तिकडच्या मांजरांनी संसार उभा केला आणि एड लोव त्यात श्रीमंत झाला. आज गोळा होणाऱ्या लिटरमध्ये जी बेंटोनाइट माती असते तिच्या खाणी आपल्या कच्छमध्येही आहेत. माती आपली, मांजर आपलं. तुटवडा आहे तो फक्त अकलेचा.

घरी येऊन मी झाकण काढलं. ट्रे मोरीतून उचलून बाहेरच्या खोलीच्या शांत कोपऱ्यात ठेवला. साधी, बिनवासाची माती दोन इंच घातली आणि आणखी एक ट्रे आणला. एका मांजराला दोन, दोघांना तीन, असा हिशेब असतो. आम्हा चौघांना एकच संडास आहे हे मी डॉक्टरबाईंना बोललो नाही. गादी एन्झाइमवाल्या पावडरीनं धुतली, म्हणजे जुन्या वासाचं निमंत्रण राहत नाही. ट्रे रोज सकाळ-संध्याकाळ साफ करायचं काम माझ्याकडे आलं. एस.टी. स्टँडवरच्या स्वच्छतागृहाच्या दारातून नाक दाबून परत फिरणाऱ्या मी, चिंग्यानं मात्र दोन दिवसांच्या ट्रेमध्ये बसावं असं म्हणत होतो! चार दिवसांत प्रश्न मिटला.

मग पोतं कधी काढलं? दीड वर्षानं. दिवाळीच्या आधी आम्ही घराला रंग काढला. सामान इकडचं तिकडे झालं, ट्रे गॅलरीत गेले, घरात चार परकी माणसं आणि रंगाचा वास. चिंग्या पुन्हा जमिनीवर बसायला लागला. मोरीत बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. नव्या रंगवलेल्या भिंतीशी बसला तेव्हा माझा संयम सुटला. ‘जित्याची खोड’ वगैरे म्हणत मी माळ्यावरचं पोतं काढलं. मासळी बाजारात सोडू, खाऊन-पिऊन सुखी राहील, असं मी घरच्यांना ऐकवलं. मुलगी रडायला लागली. आमची ही काही न बोलता मोरीत वाकून बघत होती. ती म्हणाली, “अहो, फरशी कोरडी आहे. हा बसतोय, पण होत काहीच नाहीये.”

त्याच पोत्यात घालून आम्ही त्याला डॉक्टरबाईंकडे नेलं. त्यांनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. लघवीची वाट बंद झाली होती. बोक्यांची ही नळी फार अरुंद असते, घरातल्या उलथापालथीच्या ताणानंही मूत्राशय सुजतं आणि वाट बुजते. अशा वेळी एक-दोन दिवसांत मांजर मरतं. भूल देऊन नळी घातली, तीन दिवस तिथे ठेवलं. “आज सकाळी कुठे सोडून आला असतात, तर उद्यापर्यंत गेला असता,” त्या म्हणाल्या. मी पोत्याची घडी घालत होतो. नजर वर करायची हिंमत झाली नाही.

तेव्हापासून ‘सोडून या’ म्हणणाऱ्यांना मी सोडत नाही. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं म्हणतात. सोन्याचा भाव परवडत नाही म्हणून आपण मारत नाही, पोत्यात घालतो. मरणाचं काम बाजारातल्या कुत्र्यांवर, रस्त्यावरच्या गाड्यांवर आणि भुकेवर सोपवतो आणि घरी येऊन हात धुतो. उपासमार होईल अशा रीतीनं प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पहिल्या वेळचा दंड दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! लिटरची पिशवी त्याहून कितीतरी महाग पडते. कायद्यानंच असा हिशेब मांडून ठेवल्यावर मध्यमवर्गीय माणूस कोणतं स्वस्त ते बघणारच. पण ज्याला आपण उचलून घरात आणलं, माती कुठे शोधायची हे ज्याच्या हातात ठेवलं नाही, त्याच्या पोटात दुखतंय की काय हे बघायला पन्नास रुपयांचा धाक लागावा का?

चिंग्या आता सात वर्षांचा आहे. परवा रात्री बेल वाजली. दारात खालचे काका, हातात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी हलणारं.

“नातीनं आणलंय,” ते खाली बघत म्हणाले. “सोडून ये म्हटलं तर जेवत नाही पोरगी. आणि यानं आमच्या दिवाणावर... ते तुमचं लिटर कुठे मिळतं हो?”

“किती लिटर हवंय?” मी म्हणालो.