कुलूप संस्थेचे, हेलपाटा ग्राहकाचा

परवा मालेगाव कॅम्पातील एका ऑनलाइन सेवा केंद्रावर एक निवृत्त गुरुजी भेटले. ई-मेलने आलेला खातेउतारा त्यांना उघडता येत नव्हता. फाइल कूटबद्ध होती, म्हणजे पासवर्डवाचून निव्वळ निरर्थक. अखेर त्यांनी आपली जन्मतारीख मोठ्याने सांगितली, केंद्रचालकाने ती टंकित केली, छापील प्रत निघाली आणि फाइल त्या परक्या संगणकावरच राहिली. वाटेतल्या चोरासाठी घातलेले कुलूप मुक्कामी चारचौघांत उघडले गेले!

दोष गुरुजींच्या अज्ञानाचा म्हणावा, तर तो अन्याय होईल. १९९९ साली अमेरिकेत व्हिटन आणि टायगर या संशोधकांनी पी.जी.पी. या नामांकित कूटलेखन-प्रणालीची पाहणी केली. ई-मेलचा सराव असलेल्या बारा जणांना दीड तास दिला असता एकतृतीयांश लोकांनाच संदेश बिनचूक पाठविता आला. तिघांनी तर गुप्त मजकूर उघडाच धाडला. उलट २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संदेश आपोआप कूटबद्ध होतात. नातवाचे छायाचित्र पाहताना गुरुजींना पासवर्ड आठवावा लागत नाही.

शिवाय कुलूप तरी कसले? ई-आधारच्या फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे आणि जन्मवर्ष. नाव ठाऊक असलेल्याला शंभरेक वर्षे चाळावयाची, इतकेच. निव्वळ जन्मतारीख म्हटली तरी शंभर वर्षांच्या तारखा सुमारे ३६,५००. संगणकाला हे काम किरकोळ. त्यात पासवर्डचा नियम बहुधा त्याच पत्राच्या तळाशी छापलेला असतो.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता येथे सुरक्षिततेचा खर्च पाठविणाऱ्याकडून घेणाऱ्याच्या माथी ढकलला गेला आहे. दक्षता घेतल्याची नोंद संस्थेच्या दप्तरी पडते. केंद्राचे शुल्क ग्राहक भरतो आणि तो यंत्रमागावरचा कामगार असेल, तर तेवढ्या वेळाची मजुरीही बुडते. हा खर्च कोणत्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तो कमी करण्याची निकडही कोणाला भासत नाही.

संस्थांनी पासवर्ड ग्राहकालाच ठरवू द्यावा, आणि ज्याला फाइल नको त्याला शाखेत छापील उतारा विनासायास द्यावा. विद्यार्थ्यांची कागदपत्रे पाठविणाऱ्या आपल्या शिक्षक-लिपिक बंधूंनीही फाइल ई-मेलने धाडली, तर परस्परांशी संबंध नसलेल्या चार-पाच शब्दांचा पासवर्ड दूरध्वनीवरून कळवावा. त्याच संभाषणात फाइल कोणाच्या संगणकावर उघडणार, हेही विचारून घ्यावे.